वाफेच्या गाडीने कुन्नूर, आणि पुढे पायी: सोलापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

तमिळनाडूतल्या निलगिरीच्या या 'वीकेंड' सहलीबद्दल फोनवर आणि प्रत्यक्ष भेटीत पुन्हा पुन्हा विचारलं जाणारं सगळं इथे लिहिलं आहे. नाव नोंदवण्याआधी निदान रजा, चाल आणि गाडी रद्द होण्याबद्दलची उत्तरं तरी वाचा. सहल मनासारखी होते की नाही, ते बहुतेक वेळा याच तीन गोष्टींवर ठरतं.

या सहलीत नेमकं काय करायचं असतं?

शनिवारी सकाळी मेट्टुपालयमहून वाफेच्या इंजिनाच्या गाडीत बसायचं, डोंगर चढून कुन्नूरला उतरायचं आणि सोमवार सकाळपर्यंत त्याच डोंगरात स्थानिक वाटाड्याबरोबर पायी हिंडायचं. शनिवारी दुपारी सोपी फेरी असते: सिम्स पार्क आणि आसपासचे चहाचे मळे. रविवारी मोठी चाल, द्रूगच्या पडक्या किल्ल्यापर्यंत. सोमवारी पहाटे लॅम्ब्स रॉककडून डॉल्फिन्स नोज या कड्याच्या बाजूला, आणि मग उतरणीला लागायचं.

यात पॉइंट मोजणं नाही, खरेदीचे थांबे नाहीत. जो डोंगर गाडीच्या खिडकीतून पाहिला, तोच दुसऱ्या दिवशी पायाखाली घ्यायचा, एवढ्यासाठी आम्ही ही सहल आखली आहे.

उटीला का नेत नाही? सगळे तर उटीलाच जातात.

वाफेचं इंजिन आणि दात्यांची लोहवाट (चढासाठी रुळांमध्ये दातेरी पट्ट्या असलेली वाट), दोन्ही कुन्नूरलाच संपतात. कुन्नूर ते उटी हा टप्पा डिझेल इंजिनावर चालतो. त्या टप्प्यातली केट्टीची दरी आणि लव्हडेलचं स्टेशन सुंदर आहे यात शंका नाही. पण सुट्टीच्या दिवसांत उटीत तासन्तास वाहनांच्या रांगेत बसण्यापेक्षा तोच वेळ चहाच्या मळ्यातून चालण्यात घालवावा, असं आमचं ठाम मत आहे. उटी पाहायचीच असेल तर ती वेगळी सहल करा. दोन्ही एकात कोंबली तर हाती काहीच लागत नाही.

इंजिन खरंच वाफेचं आहे की वाफेचा नुसता देखावा?

खरंच वाफेचं. हा प्रश्न विचारणाऱ्यांचं आम्हाला कौतुक वाटतं, कारण 'टॉय ट्रेन' या नावाखाली काहीही खपवलं जातं.

निलगिरी पर्वतीय रेल्वे मीटर गेज आहे, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर एक मीटर. मेट्टुपालयम ते कुन्नूर हा भाग १८९९ साली सुरू झाला, पुढे १९०८ मध्ये रूळ उटीपर्यंत पोचले. एकूण लांबी ४६ किलोमीटर, त्यात १६ बोगदे, २५० पूल आणि २०८ वळणं. २००५ साली युनेस्कोने तिचा जागतिक वारशात समावेश केला. दार्जिलिंगच्या गाडीला तो मान १९९९ मध्ये मिळाला होता.

सुरुवातीचे काही किलोमीटर सपाट आहेत, सुपारीच्या बागांमधून जाणारे. कल्लार स्टेशन सुटलं की डोंगर समोर उभा राहतो आणि चढ साधारण १२ फुटांमागे १ फूट इतका होतो. साध्या आगगाडीची चाकं अशा चढावर गुळगुळीत रुळावरून घसरतील. म्हणून इथे दोन रुळांच्या मधोमध दातेरी पोलादी पट्ट्यांची जोडी बसवली आहे. इंजिनाच्या पोटाखालची दातेरी चाकं या दात्यांत अडकत अडकत वर चढतात. दोन पट्ट्यांचे दाते एकमेकांसमोर नसून किंचित मागेपुढे ठेवलेले आहेत, त्यामुळे कुठल्याही क्षणी एखादा तरी दाता घट्ट धरलेला असतो. ही आब्ट नावाच्या स्विस अभियंत्याची पद्धत, आणि भारतात अशी प्रवासी गाडी फक्त इथेच आहे.

इंजिनं 'एक्स' वर्गाची. जुनी इंजिनं स्वित्झर्लंडमधल्या विंटरटूरच्या कारखान्यात बांधली गेली. अलीकडच्या काळात तिरुचिरापल्लीच्या पोन्मलै इथल्या रेल्वे कारखान्यात याच वर्गाची नवी इंजिनं तयार झाली. प्रत्येक इंजिनाला चार सिलिंडर असतात. दोन साध्या चाकांना फिरवतात, दोन दातेरी चाकांना. दात्यांचा टप्पा आला की पहिल्या जोडीतून बाहेर पडलेली वाफ वाया न घालवता दुसऱ्या जोडीत सोडतात आणि तिच्याकडून पुन्हा काम करून घेतात. कल्लारच्या पुढे इंजिनाचा आवाज बदलतो तो यामुळेच. तोवर एक ठेका ऐकू येत असतो, मग त्यात दुसरा मिसळतो. खिडकीला कान द्या, सहज कळेल.

काही इंजिनांत आता कोळशाऐवजी तेल जळतं. धूर वेगळा, वास वेगळा, पण वाफ तीच.

इंजिन मागे का लावतात?

चढावर इंजिन डबे ओढत नाही, मागून ढकलतं. यात सुरक्षितता आहे, कारण जड इंजिन उताराच्या बाजूला असलं की डबे सुटून खाली घरंगळण्याची भीती उरत नाही. शिवाय डब्यांवर ब्रेकवाले उभे असतात आणि इशारा मिळाला की हाताने ब्रेक लावतात. सगळ्यात पुढच्या डब्याच्या तोंडावर निशाण घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे जरूर पाहा. गाडीचे डोळे तोच असतो. मागच्या चालकाला पुढची वाट दिसत नाही.

या मांडणीमुळे पुढच्या डब्यातल्यांना समोरचा रूळ, बोगद्याचं तोंड, दरीवरचा पूल असं सगळं मोकळं दिसतं. मागच्या डब्यातल्यांना इंजिन जवळून ऐकायला मिळतं. तुम्हाला कुठली जागा मिळेल ते आरक्षणावर अवलंबून आहे, पण दोन्ही जागांची मजा वेगळी आहे. पुढची मिळाली नाही म्हणून हिरमुसू नका.

गाडीत किती वेळ बसायचं? मध्ये थांबते का?

मेट्टुपालयमहून गाडी सकाळी सातच्या सुमारास सुटते आणि कुन्नूरला पोचायला तीन तासांच्या वर लागतात. इंजिनाला पाणी घ्यावं लागतं, त्यासाठी ती मधल्या स्टेशनांवर थांबते. हिलग्रोव्हला उतरून चहा-वडा घेता येतो. पाण्याचा नळ इंजिनाच्या टाकीत सोडलेला, खालून वाफेचा फुत्कार, आणि फलाटावर माकडांची टोळी. हातात खाण्याची पिशवी दिसली की माकडं ती ओढणारच, तेव्हा पिशवी डब्यातच ठेवा.

डब्यात स्वच्छतागृह नाही. ज्येष्ठांनी आणि मधुमेह असलेल्यांनी हे ध्यानात घेऊन निघण्यापूर्वीच सोय पाहावी.

एवढं लांब कशाला? माथेरान जवळ आहे की.

माथेरान आम्हालाही आवडतं, आणि दोनच दिवस हातात असतील तर खुशाल माथेरानलाच जा. नेरळ-माथेरानची दोन फुटी गाडी १९०७ सालची आहे, २१ किलोमीटरची वाट अप्रतिम आहे, आणि वर मोटारींना बंदी असल्यामुळे चालण्यासारखं गाव दुसरं नाही. पण तिथल्या रोजच्या गाड्या डिझेलवर चालतात. ज्यांना वाफेच्या इंजिनाने डोंगर चढायचा आहे, त्यांच्यासाठी निलगिरीला तोड नाही.

घरातली वडीलधारी 'बार्शी लाईट'ची आठवण काढतात. ती गाडी अशीच होती का?

हा प्रश्न फक्त सोलापूर जिल्ह्यातच येतो, आणि आम्हाला फार आवडतो. बार्शी लाईट रेल्वे १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली, म्हणजे निलगिरीच्या गाडीच्या दोनच वर्षं आधी. एव्हरर्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने ती उभी केली. तिचं गेज अडीच फूट, म्हणजे निलगिरीपेक्षाही अरुंद. पुढे ती पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेली, आणि आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांनी खच्चून भरलेल्या तिच्या गाड्या अजून कित्येकांच्या डोळ्यांसमोर आहेत. आता तो सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला आहे.

दोन्ही गाड्यांत फरक मोठा आहे. बार्शी लाईट माळरानातून धावायची, मालाची आणि माणसांची रोजची गरज भागवायची, तिला दात्यांची गरज नव्हती. तरी इंजिनाचा तो श्वास, शिट्टी, कपड्यांवर उडणारी काजळी हे सगळं त्या पिढीला ओळखीचं वाटतं. आजोबांना आणायचा विचार असेल तर आणाच. त्यांच्यासाठी चालण्याचा भाग सोडून बाकी सगळं करता येतं, पुढे त्याबद्दल लिहिलं आहे.

'वीकेंड' म्हणता, मग रजा किती टाकावी लागते?

स्पष्ट सांगायचं तर चार ते पाच दिवस. डोंगरातला वेळ शनिवार-रविवार आणि सोमवारची सकाळ, पण सोलापूरहून कोईमतूर गाठायला जवळजवळ एक अख्खा दिवस आणि रात्र जाते. साधारण आखणी अशी: गुरुवारी सोलापूर सोडायचं, शुक्रवारी कोईमतूरमार्गे मेट्टुपालयमला मुक्काम, शनिवार ते सोमवार कुन्नूर, सोमवारी संध्याकाळी कोईमतूर, मंगळवारी परतीची गाडी, बुधवारी घर.

शुक्रवारचा मुक्काम वाचवून रात्रीचा प्रवास करत थेट शनिवारच्या गाडीला पोचता येईल का, असं बरेच जण विचारतात. आम्ही ते करत नाही. लांबच्या गाडीला उशीर झाला तर वाफेची गाडी कुणासाठी थांबत नाही, आणि तीच चुकली तर सगळ्या प्रवासाचा अर्थच जातो. शिवाय मेट्टुपालयमला संध्याकाळी स्टेशनात जाऊन शेडजवळची इंजिनं निवांत पाहता येतात.

सोलापूरहून जायचं कसं?

लोकमान्य टिळक टर्मिनस ते कोईमतूर ही एक्सप्रेस सोलापुरातून जाते. कलबुर्गी, रायचूर, गुंतकल, बेंगळुरू, सेलम अशी तिची वाट. गाडी बदलावी लागत नाही, हे सोलापूरकरांचं मोठं भाग्य. कोईमतूरहून मेट्टुपालयम चाळीसेक किलोमीटरच्या आत आहे, लोकल गाडीने किंवा बसने जाता येतं. वेळा अधूनमधून बदलतात, त्यामुळे नक्की वेळ तिकिटाबरोबरच कळवतो.

वाफेच्या गाडीचं तिकीट नक्की मिळतं का?

खात्री कुणीच देऊ शकत नाही, आम्हीही देत नाही. डबे थोडे, जागा मोजक्या, आणि देशभरातून मागणी. आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. सुट्ट्यांच्या तारखांची तिकिटं झपाट्याने संपतात. म्हणून आमची तारीख तिकिटांवर ठरते, तिकिटं तारखेवर नाही. आधी सर्वांची वाफेच्या गाडीची तिकिटं पक्की करतो, मगच बाकी पैसे घेतो. प्रतीक्षा यादीवर कुणालाही नेत नाही.

नावनोंदणीच्या वेळी ओळखपत्रावर जसं आहे तसंच नाव द्या. 'घरी सगळे बंडूच म्हणतात' हे तिकीट तपासनिसाला सांगून चालत नाही.

दरड कोसळली आणि गाडी रद्द झाली तर?

असं होतं. निलगिरीत पाऊस दोनदा येतो. जून ते सप्टेंबर आपल्याकडचा नैर्ऋत्य मोसमी, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीचा ईशान्य मोसमी. कल्लार-कुन्नूरच्या पट्ट्यात या दुसऱ्या पावसाचा जोर मोठा असतो. माती, दगड, झाडं रुळांवर येतात आणि गाडी काही दिवस बंद राहते. म्हणून आम्ही ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या तारखा लावतच नाही.

तरीही ऐनवेळी गाडी रद्द झाली, तर तिकिटाचे पैसे रेल्वेच्या नियमांनुसार परत मिळतात आणि आपण घाटाने बसमधून कुन्नूरला जातो. चालण्याचा कार्यक्रम तसाच राहतो. त्या दिवशी कुन्नूरहून उटीकडची डिझेल गाडी चालू असेल तर तिचा एखादा टप्पा घेतो. वाफेच्या गाडीची जागा तिने भरून निघत नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण ओल्या डोंगरात रेल्वेने गाडी बंद ठेवली असेल तर तो निर्णय बरोबरच असतो.

मग सगळ्यात चांगला काळ कोणता?

डिसेंबरअखेर ते मार्च. हवा स्वच्छ असते, दऱ्या लांबवर दिसतात, वाटा कोरड्या असतात. जानेवारीत पहाटे चांगलीच थंडी पडते. उटीच्या बाजूला गवतावर हिमकण दिसतात. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूर तापलेलं असताना तिथे गारवा असतो हे खरं, पण गर्दीही तेव्हाच सगळ्यात जास्त.

नीलकुरिंजीचं फूल पाहायला मिळेल का, असंही विचारतात. ते बारा वर्षांतून एकदा फुलतं आणि २०१८ साली त्याचा मोठा बहर आला होता. आपल्या सह्याद्रीतली कारवी त्याच कुळातली, फक्त तिची पाळी सात-आठ वर्षांची. त्या फुलासाठी म्हणून या सहलीला येऊ नका.

चालायचं किती? आम्हाला डोंगराची सवय नाही.

रविवारची द्रूगची चाल जाऊन-येऊन चार ते पाच तासांची, थांबे धरून. सुरुवात नॉनसच चहामळ्याच्या बाजूने होते, मग झाडीतून वर. चढ अंगावर येणारा नाही, पण शेवटचा भाग दगडी आणि पायाला बोचणारा आहे. वर टिपू सुलतानाच्या काळातल्या चौकीच्या भिंतींचे अवशेष आहेत. स्थानिक लोक या डोंगराचं नाव बकासुराशी जोडतात. महाभारतातला बकासुर आपल्याकडेही गावोगावी सापडतो, तिथेही तो आहे. पण वर गेल्यावर किल्ल्यापेक्षा समोर पसरलेला कोईमतूरचा मैदानी मुलूख पाहतच उभं राहावंसं वाटतं. हवा मोकळी असेल तर डोंगर कसा सपाटीतून एकदम उठला आहे ते तिथून कळतं. गाडीला दाते का लागतात, याचं उत्तर त्या कड्यावर मिळतं.

बाकी दोन दिवसांच्या चाली दोन-तीन तासांच्या, मळ्यांतल्या पायवाटांच्या आणि थोड्या डांबरी रस्त्याच्या.

सोलापूर सपाट आहे, ही खरी अडचण. सिद्धेश्वर तलावाभोवती किंवा कंबर तलावाच्या बाजूला रोज तासभर चालणारा माणूस दमसासात कमी पडत नाही, पण उतरताना त्याच्या मांड्या आणि गुडघे दुखतात, कारण त्यांना उताराची सवयच नसते. म्हणून निदान महिनाभर आधी जिने चढणं-उतरणं सुरू करा, आणि उतरण्यावर भर द्या. एखाद्या रविवारी येडशीच्या रामलिंग घाटात जाऊन या. बालाघाटची ती रांग फार उंच नाही, पण पायाला चढउतार कळतो. सरावाच्या दिवशी सहलीचेच बूट घाला.

गुडघेदुखी, रक्तदाब, मधुमेह असेल तर?

डॉक्टरांना विचारून या आणि आम्हालाही आधी सांगा. लपवू नका, त्याने नाव रद्द होत नाही. कुन्नूर समुद्रसपाटीपासून १,८०० मीटरच्या आसपास आहे, त्या उंचीवर विरळ हवेचा त्रास सहसा होत नाही. मधुमेहींनी औषधं आणि खाणं अंगावर ठेवावं, बॅगेत नाही, कारण बॅग मुक्कामावर राहते. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी काठी आणावी.

ज्येष्ठ आणि मुलं?

मुलांसाठी दहा वर्षांची अट आहे, आणि ती रविवारच्या चालीसाठी आहे. ज्येष्ठांना वयाची अट नाही. ज्यांना द्रूग झेपणार नाही, त्यांच्यासाठी रविवारी सिम्स पार्कचा पर्याय ठेवला आहे. ही बाग १८७४ सालची, डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली. तिथलं रुद्राक्षाचं झाड पाहायला आपल्याकडची माणसं हमखास थांबतात. आजोबांनी गाडी पाहावी, बागेत बसावं, संध्याकाळी सगळ्यांबरोबर चहा घ्यावा. तेही या सहलीत पूर्णपणे सामील आहेत.

वाट ठरलेली आहे, मग स्थानिक वाटाड्या कशासाठी?

तीन कारणं आहेत आणि तिन्ही गंभीर आहेत.

पहिलं, जमीन. मळे खाजगी आहेत, जंगल वनखात्याचं आहे. कुठल्या वाटेने जायला मुभा आहे ते तिथल्या माणसालाच ठाऊक असतं. तमिळनाडू वनखात्याने काही ठरलेल्या वाटांसाठी ऑनलाइन नोंदणीही सुरू केली आहे. त्या वाटांवर जाताना परवानगी घेऊनच जातो.

दुसरं, आग आणि हवामान. २०१८ च्या मार्चमध्ये तमिळनाडूतच, थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात वणव्यात सापडून कितीतरी गिर्यारोहकांचा जीव गेला. त्यानंतर तिकडचे नियम कडक झाले, आणि ते तसे असायलाच हवेत. कोरड्या गवतात विडी-सिगारेट ओढू देत नाही. यावर चर्चा नाही.

तिसरं, गवा. त्याच्यासाठी पुढचा प्रश्न.

गवे खरंच दिसतात का? भीती आहे का?

दिसतात, कधी कधी अगदी मळ्यात किंवा रस्त्यालगत. कुन्नूरच्या आसपास गव्यांनी माणसांच्या वस्तीशी जुळवून घेतलं आहे. चहाच्या झुडपांच्या वर काळ्या पाठीचा उंचवटा दिसतो, आधी तो खडकच वाटतो, मग खडक कान हलवतो. पायांत गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखा रंग असतो, त्यावरून ओळखायचा.

राधानगरीकडे ज्यांनी गवा पाहिला आहे त्यांना त्याचा आवाका माहीत असेल. शांत दिसतो, पण त्याच्या आणि मोकळ्या वाटेच्या मध्ये आपण उभे असू तर तो थांबत नाही. वासरू बरोबर असेल तर आणखी लांब राहायचं. वाटाड्याने हात वर केला की जिथे असाल तिथे थांबा, बोलणं बंद, फोन खिशात. एकट्या गव्याजवळ फोटोसाठी जाणाऱ्या माणसाला आम्ही पुढच्या चालीला नेत नाही.

गव्याशिवाय निलगिरी वानर, शेकरू आणि नशीब असेल तर शोलाच्या कडेला निलगिरीतच सापडणारे पक्षी दिसतात. शोला म्हणजे डोंगराच्या घड्यांत दाटलेलं बुटक्या झाडांचं सदाहरित जंगल. त्यातून झरे बारमाही वाहतात. पाण्यासाठी टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या भागातल्या माणसाने हे जंगल एकदा तरी नीट पाहावं. पाऊस धरून ठेवून सावकाश सोडणारी जमीन कशी असते ते तिथे दिसतं.

कपडे, बूट?

घट्ट बसणारे, तळाला खाचा असलेले बूट. चप्पल आणि नवे कोरे बूट दोन्ही नकोत. पहाटेसाठी स्वेटर, कानटोपी, आणि पातळ रेनकोट कुठल्याही महिन्यात. अंथरूण-पांघरूण मुक्कामावर मिळतं, तरी सोलापुरी चादर बरोबर असली की गाडीतली रात्र आणि कुन्नूरची पहाट दोन्ही निभतात.

जेवणाचं काय?

मुक्कामी इडली, डोसा, पोंगल, भात-सांबार, पोळी, सगळं शाकाहारी मिळतं. ज्यांना मांसाहार हवा त्यांना बाहेर मिळतो. उपवास असेल तर आधी सांगा.

चालताना मात्र आम्ही आपलंच खाणं नेतो: कडक भाकरी, शेंगाची चटणी, गूळ. कडक ज्वारीची भाकरी आठ-आठ दिवस टिकते, पिशवीत दबत नाही, आणि द्रूगच्या माथ्यावर चटणीबरोबर मोडून खाताना वाटाड्यालाही आवडते. चटणीचा डबा घट्ट झाकणाचा आणा, तेल सुटतं.

भाषेची अडचण येते का?

तिकडे तमिळ चालते. पण सोलापूरकरांना एक फायदा आहे. निलगिरीतल्या बडगा समाजाची भाषा कन्नडला जवळची आहे, त्यामुळे आपल्यातल्या कन्नड बोलणाऱ्यांचं बोलणं बऱ्यापैकी पोचतं. कोईमतूरच्या बाजारात तेलुगूही उपयोगी पडते. घरात कन्नड किंवा तेलुगू बोलणारी मंडळी गटात असली की आम्ही त्यांनाच पुढे करतो.

तिथल्या आदिवासी तोडा समाजाची मुंद, म्हणजे वस्ती, पाहायला नेता का, असंही विचारतात. आम्ही नेत नाही. ती माणसांची घरं आणि देवळं आहेत. बोलावणं असल्याशिवाय जाऊन फोटो काढणं आम्हाला योग्य वाटत नाही.

प्लास्टिक आणि ई-पासचे नियम काय?

निलगिरी जिल्ह्यात एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकवर बंदी आहे, पाण्याच्या बाटल्याही त्यात येतात. स्टीलची किंवा जाड बाटली आणा. बाहेरून येणाऱ्या वाहनांना २०२४ पासून ई-पास लागतो. आपण ठरवलेल्या गाडीचा पास आम्ही काढतो, तुम्हाला काही करावं लागत नाही. तंबाखू, मावा खाऊन वाटेवर थुंकणं चालणार नाही. मद्य सहलीत कुठेच नाही.

एकट्या बाईने यावं का?

जरूर. खोल्यांची वाटणी आधी कळवतो, गटात कायम एक महिला संयोजक असते, आणि एकटीसाठी जादा पैसे आकारत नाही.

खर्चात काय धरलेलं असतं?

दोन्हीकडचं रेल्वे तिकीट, वाफेची गाडी, मुक्काम, मुक्कामावरचं जेवण, वाटाड्याचं मानधन, परवानग्या आणि तिथला वाहनखर्च. लांबच्या गाडीतलं खाणं आणि वैयक्तिक खरेदी धरलेली नाही. रक्कम तिकिटाच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणून ती प्रत्येक तारखेच्या पत्रकात देतो. वाटाड्याच्या मानधनात घासाघीस करत नाही आणि कुणी करावी असंही आम्हाला वाटत नाही. डोंगर त्याचा आहे, आपण त्याच्या भरवशावर चालतो.

नाव कसं नोंदवायचं?

ओळखपत्राची प्रत, वय, आजार असल्यास त्याची माहिती आणि रविवारची मोठी चाल करणार की सिम्स पार्क, एवढं कळवा. आरक्षण उघडण्याच्या आठवडाभर आधी यादी बंद होते. गट बारा जणांपेक्षा मोठा करत नाही, कारण मळ्यातल्या अरुंद वाटेवर त्याहून लांब रांग झाली की शेवटच्या माणसाला वाटाड्याचा हात दिसत नाही. यादी भरली असेल तर पुढच्या तारखेसाठी नाव राखून ठेवतो. निघण्याच्या दोन रविवार आधी सिद्धेश्वर तलावाजवळ सकाळी सहाला सगळे भेटतो, बूट पाहतो, तासभर एकत्र चालतो. त्या दिवशी न चुकता या.